पाचगणीच्या बंगल्यातली जुनी फायरप्लेस: आधी धुराची वाट बघा, मार्बल नंतर

प्रश्न: नमस्कार. आम्ही साताऱ्यात राहतो. पाचगणीत एक जुना दगडी बंगला घेतलाय, होमस्टे करायचा विचार आहे. हॉलमध्ये एक फायरप्लेस आहे आणि त्याच भिंतीच्या पलीकडे बेडरूममध्ये दुसरी. आधीच्या मालकांनी दोन्ही प्लायवूड ठोकून बंद केल्या होत्या. डिसेंबरमध्ये हॉलमधली उघडून पेटवली तर सगळा धूर घरात. बेडरूमच्या प्लायवूडच्या फटीतून पण धूर आला, तिथे झोपलेल्या मुलीचं डोकं दुखायला लागलं. तोंडाचं माप ३६ इंच रुंद, ३० इंच उंच. गवंडी छपरावर चढून बघून आला, म्हणाला वर एकच भोक आहे ९ बाय ९ इंचाचं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आतून कडप्पा लावतो, बाहेरून इटालियन मार्बल, वर टीव्हीचं पॅनेल. हॉलला लाकडी दिसणारं लॅमिनेट त्याने फायरप्लेसच्या कडेपर्यंत टाकून पण झालंय. सासरे म्हणतात इंग्रजांच्या काळापासून चालत आलंय, थोडा धूर येणारच. दीर म्हणतात भिंत बांधून मोकळे व्हा. तोंडाभोवतीच्या सागवानी चौकटीवर, म्हणजे मँटलवर, पांढरा ऑइलपेंट थापलाय तोही काढायचाय. काय करू?

उत्तर:

ताई, पत्रात मार्बल आहे, टीव्ही आहे, पेंट आहे, पण सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मधेच येऊन गेलंय, मुलीचं डोकं दुखायला लागलं. मी तिथूनच सुरुवात करतो. आणि त्याच्याही आधी एक, सगळं तपासून होईपर्यंत दोन्हीपैकी एकही फायरप्लेस पेटवू नका. पाहुणे आले, थंडी पडली, फोटो काढायचाय, काहीही असलं तरी नाही.

धूर डोळ्याला झोंबतो म्हणून आपण उठून खिडकी तरी उघडतो. पण त्याच्यासोबत जो कार्बन मोनॉक्साइड येतो त्याला ना रंग ना वास, तो झोंबत पण नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला २०० पटीहून जास्त घट्ट धरून बसतं, त्यामुळे हवेत तो थोडा जरी असला तरी शरीराला ऑक्सिजन मिळायचा कमी होतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं घाटात गाडी लागली असेल. झोपलेल्याला तर तेवढंही कळत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही अशा बातम्या थंडीत येतात ना, त्यामागे हेच असतं. म्हणून तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगून एवढंच सांगा, की फायरप्लेस नीट चालत असेल तर धूर थोडासुद्धा खोलीत येत नाही. येत असेल तर कुठेतरी बिघडलंय.

आता बेडरूममध्ये धूर गेला कसा. वर एकच भोक आणि खाली दोन तोंडं, म्हणजे दोन शक्यता. एक तर दोन्ही फायरप्लेस आत कुठेतरी एकाच नळीला जोडल्यात. नाहीतर मुळात नळ्या दोन होत्या पण कधीतरी छपराचं काम करताना कुणीतरी एक वरून प्लास्टर करून बुजवली, आणि मधली पडदी आतून ढासळलीय, चुना भुगा होऊन पडलाय, नि धूर इकडचा तिकडे जातोय. गवंड्याला परत वर पाठवून धुराड्याचा माथा नीट ठोकून बघायला सांगा, पोकळ आवाज आला तर खाली दुसरी नळी आहे समजा. मग खालून एका तोंडात टॉर्च लावा नि दुसऱ्या तोंडातून आरसा धरून वर बघा, उजेड दिसला की वाट सापडली. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी निर्णय एकच, बेडरूमची फायरप्लेस कायमची बंद. माणसं झोपतात त्या खोलीत उघडी आग नकोच, त्यात घर होमस्टे, म्हणजे झोपणारा माणूस परका, त्याला घरातलं काहीच माहीत नाही.

पण बंद म्हणजे प्लायवूड नाही. नळी जिथे जोडलीय त्या घशाशी पक्कं विटांचं बांधकाम करून घ्या, दोन्ही बाजूंनी गिलावा, कुठेही फट नको. दुसरी नळी स्वतंत्र निघाली तर तिच्या माथ्यावर पाऊस आत येणार नाही पण हवा खेळेल असं झाकण, आणि खाली छोटी जाळी, नाहीतर बंद नळीत ओल धरते नि भिंतीवर पिवळे काळे डाग उमटतात. पाचगणीत पाऊस महाबळेश्वरपेक्षा बराच कमी असला तरी चार महिने धुकं घरात शिरतं, हे तुम्हाला सांगायला नको. तोंड मात्र तसंच ठेवा, त्यात पितळी समई, पुस्तकं, काहीही छान दिसेल. म्हणजे दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, बेडरूमपुरतं.

हॉलची मात्र वाचवण्यासारखी आहे असं मला मनापासून वाटतं. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसवलं, १८६० च्या दशकात चेसन नावाच्या इंग्रजाने पाचगणी, त्यानंतर शंभरएक वर्षांत जे दगडी बंगले उभे राहिले त्यातल्या फायरप्लेस आता एकेक करून टीव्ही युनिटखाली गाडल्या जातायत. आणि ज्या उरल्यात त्या नुसत्या चेहऱ्याला पॉलिश करून पेटवल्या जातायत, ते तर त्याहून वाईट. तुमचा कॉन्ट्रॅक्टर जे सांगतोय ते सगळं चेहऱ्याचं काम आहे. पैसे वरच्या बाजूला घाला, धुराड्यात, जे कुणाला दिसणार नाही.

तुमच्या फायरप्लेसमधून धूर का येतो ते तुम्ही पाठवलेल्या मापातच आहे. आजीकडचा तांब्याचा बंब आठवा, मधली नळी तापली की बंब आपोआप हवा ओढायला लागतो, आणि नळीच्या मानाने खालचं तोंड फार मोठं ठेवलं तर धूर तोंडाकडूनच बाहेर. इथेही तेच. चौकोनी नळी असेल तर तिचं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण दहाव्या भागाएवढं तरी लागतं. तुमचं तोंड ३६ गुणिले ३०, म्हणजे १०८० चौरस इंच, नळी ९ गुणिले ९, म्हणजे ८१. पाहिजे होती १०८. म्हणजे नळी आहे तशी ठेवायची तर तोंड ८१० च्या आसपास आणायला लागेल, आणि ते अवघड नाहीये. खाली तळाला फायर ब्रिकचा, म्हणजे आग सोसणाऱ्या विटेचा, एक आडवा थर टाका, वीट ३ इंच जाडीची असते, तळ तेवढा वर येईल, आणि वरच्या कडेला ४ इंच रुंद जाड पत्र्याची किंवा बिडाची पट्टी आतून बसवा. उंची ३० ची २३ झाली, ३६ गुणिले २३ म्हणजे ८२८, जमलं. करायच्या आधी ताडून बघायला साधी युक्ती, पत्र्याचा तुकडा वर आडवा धरून छोटी आग पेटवायची नि पत्रा थोडा थोडा खाली आणत जायचं, धूर आत ओढला जायला लागला की तिथे खूण. पण ही चाचणी धुराडं साफ नि पक्कं झाल्यावर, बेडरूमची वाट बंद झाल्यावर, खिडक्या उघड्या ठेवून, आत्ता नाही.

एक अजून. तुमच्या फायरप्लेसच्या आतल्या बाजूच्या भिंती तिरक्या असतील नि आतला खोलपणा कमी असेल तर कॉन्ट्रॅक्टरला त्या "सरळ काटकोनात" करू देऊ नका. तो मुद्दामचा आकार आहे. रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १७९६ साली यावर निबंध लिहिला, उथळ तोंड, तिरक्या बाजू, अरुंद घसा, त्याने उष्णता खोलीत जास्त येते नि धूर नीट वर जातो, आणि इंग्रजांच्या घरात ती पद्धत रुळली. चौकोनी खोका केला तर तुम्ही चालू गोष्ट बिघडवाल.

आता वरचं काम. धुराड्याचा माथा छपरातून जिथे बाहेर येतो तिथून किमान ३ फूट वर पाहिजे, आणि १० फुटांच्या आत छपराचा जो काही उंच भाग असेल त्याच्याहून २ फूट वर. जुन्या बंगल्यांना नवीन पत्रे टाकताना बरेचदा छपराचा चढ बदलतो नि धुराडं बुटकं पडतं, मग वारा माथ्यावरून खाली दाबतो. टेबललँडकडून येणारा वारा तुम्ही बघितलाच असेल. उंची वाढवायची झाली तर आधी पाचगणी गिरिस्थान नगरपरिषदेत विचारून घ्या, २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि काही जुने बंगले हेरिटेज यादीत पण आहेत, तुमचा आहे का ते कागदावर बघा. माथ्यावर टोपी पाहिजे, बाजूने मोकळी, आणि ठिणग्या अडवायला अर्ध्या इंचाची जाळी. ती जाळी काजळीने बुजते, ती दरवर्षी काढून घासायची.

वर चढलाच आहात तर आत मोहोळ आहे का बघा. सातेरी माशांना असली अंधारी पोकळी फार आवडते. असेल तर धूर करून मारायचं नाही हो, खाली आग पेटवून तर मुळीच नाही, मेण पेट घेतं. आपल्याकडे त्यासाठी माणसं आहेत, महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्या बाजूचा कुणी मधपाळ गाठा, तो पेटीत उतरवून नेईल.

मग धुराडं आतून घासायचं. काजळी भुसभुशीत असेल तर ब्रशने खाली येते. पण ओली लाकडं जाळलेल्या धुराड्यात जळका चिकट थर बसतो, त्याला क्रिओसोट म्हणतात, आणि जुना झाला की तो कडक नि चकचकीत काळा होतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. हा थर स्वतःच पेटतो. धुराड्याच्या आत आग लागली की १००० अंशाच्या आसपास तापमान जाऊ शकतं, घोंघावल्यासारखा मोठा आवाज येतो, आणि भिंतीत घुसलेला वासा पेटायला वेळ लागत नाही. असं कधी झालंच तर पाणी ओतायचं नाही, तापलेला दगड तडकतो नि आग खोलीत येते, सगळ्यांना बाहेर काढायचं, दार ओढून घ्यायचं नि १०१ किंवा ११२. थर ३ मिलिमीटरच्या वर गेला की पेटवायचं नाही, साफ करायचं, हा नियम धरा.

वासा म्हटलं म्हणून, माळ्यावर चढून स्वतः बघा, टॉर्च घेऊन. धुराडं माळ्यातून जातं तिथे तुळई, वासे, रिपा त्याला चिकटून आहेत का, कुठे लाकूड भिंतीत घुसवलंय का, काळपट पडलंय का. धुराड्याच्या बांधकामापासून लाकडाला किमान २ इंच अंतर लागतं. वर्षानुवर्षं शेकून शेकून लाकूड असं होतं की मग ते कमी तापमानाला पण पेट घेतं, म्हणून "इतकी वर्षं काही झालं नाही" याचा इथे उपयोग नाही. याच भागात सांध्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. चुना घट्ट असेल तर टोक आत जात नाही. भुगा पडायला लागला, टोक दोन इंच आत गेलं, तर ती भिंत धूर अडवत नाहीये.

इथे तुमच्या पुढे दोन रस्ते आहेत आणि यावरच सगळा खर्च ठरणार. सांधे थोडेफारच गेले असतील, नळी सरळ असेल, तर आतून-बाहेरून दरजा भरून घ्या. छपराच्या वर, पावसात, चुना आणि विटेची सुरखी, नुसतं सिमेंट नको, सिमेंट कडक असतं नि ओल आत कोंडून ठेवतं, जांभ्याचा किंवा मऊ विटेचा पापुद्रा निघतो. मग धुराचा प्रयोग: खाली थोडा पालापाचोळा पेटवून धूर करायचा, वर माथ्यावर ओलं पोतं टाकायचं, खिडक्या सताड उघड्या, खोलीत कुणी बसायचं नाही, आणि बाहेरून, माळ्यावरून, बेडरूमच्या भिंतीवरून धूर कुठे झिरपतोय ते फिरून बघायचं. कुठूनच नाही आला तर धुराडं पास.

दुसरा रस्ता, नळी खराबच निघाली तर. मग आतून स्टीलचा पाइप सोडायला लागतो, ३०४ नाहीतर ३१६ ग्रेडचा, आणि इथे बरेच लोक फसतात. ९ इंची चौकोनात फार तर ८ इंची गोल पाइप बसतो, त्याचं क्षेत्रफळ ५० चौरस इंच. गोल नळी बाराव्या भागापर्यंत चालते असं धरलं तरी तोंड ६०० च्या वर नको, आणि तुमचं कमी करून पण ८२८. म्हणजे एवढा खर्च करून धूर परत घरात. अशा वेळी उघड्या फायरप्लेसचा हट्ट सोडून तिच्या तोंडात बंद दाराची बिडाची किंवा जाड पत्र्याची शेगडी बसवायची, काचेच्या दाराची, तिला ६ इंची पाइप पुरतो. काच उष्णता सोसणारी सिरॅमिकची पाहिजे, साधी टफन काच नको. माझं मत विचाराल तर होमस्टेला हेच बरं. उघड्या आगीची बहुतेक उष्णता धुराड्यातून वर निघून जाते, बंद शेगडीत लाकूड कितीतरी कमी लागतं, ठिणगी गालिच्यावर उडत नाही, आणि पाहुण्याचं पोरगं हात घालू शकत नाही. (काच तापते, समोर जाळीचा कठडा तरी ठेवाच.)

कडप्पा. आतून कडप्पा अजिबात नको. तो चुनखडीच्या जातीचा दगड, आगीने तडकतो, कपचे उडतात, आणि मार्बलचंही तेच. साधं सिमेंट पण ३०० अंशांच्या पुढे ताकद सोडायला लागतं, व्हाइट सिमेंटवर चिकटवलेल्या टाइल्स एका सीझनमध्ये गळून पडतील. आत फायर ब्रिकच पाहिजे, ३० ते ४० टक्के ॲल्युमिनाची, आणि सांध्याला फायर क्ले किंवा तयार मिळणारा उष्णतारोधक मसाला, सांधा जेमतेम ३ मिलिमीटर, गवंड्याच्या नेहमीच्या अर्ध्या इंचाचा नाही. हा माल सांगली-कोल्हापूरकडे फौंड्रीला सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. आणि गवंडी शोधताना बंगल्याचं इंटेरियर करणाऱ्यापेक्षा कराडकडे गुऱ्हाळाची चुलवणं बांधणारा कारागीर भेटला तर बघा, आग नि धूर कसा वागतो हे त्याच्या हातात असतं. काम झाल्यावर महिनाभर वाळू द्यायचं, मग आठवडाभर रोज छोटीशी आग, थोडी थोडी वाढवत. पहिल्याच दिवशी ओंडके रचले तर आतलं पाणी वाफ होऊन सांधे फोडतं.

लॅमिनेट उचलायला लावा, हे मी आग्रहाने सांगतो. तुमचं तोंड ६ चौरस फुटांच्या वर आहे, त्यामुळे समोर २० इंच आणि दोन्ही बाजूंना १२-१२ इंच न जळणारी जमीन लागते. काळा दगड घाला, शहाबादी घाला, इथे आग थेट लागत नाही त्यामुळे कडप्पा पण चालेल, कॉन्ट्रॅक्टरची हौस इथे होऊ दे. बंद शेगडी बसवलीत तरी ही जागा ठेवाच. लॅमिनेट उचललं की खाली बघा काय आहे, लाकडी फळ्या असतील तर शेगडीचा तळ कशावर उभा आहे तेही बघायला लागेल. टीव्ही तिथे लावू नका, वायरिंग आणि प्लायचं पॅनेल तर नकोच नको.

पेटवण्याबद्दल. लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलं पाहिजे, ताजं तोडलेलं जवळपास निम्मं पाणीच असतं. ओलावा मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं, घेऊन टाका, नाहीतर दोन ओंडके एकमेकांवर आपटा, सुकलेलं ठणठणीत वाजतं, ओलं बद्द. माण-खटावकडची बाभूळ छान जळते, वखारीतून फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, फोडून मे पर्यंत उन्हात, पावसाळ्यात शेडमध्ये जमिनीपासून वर, बाजूने हवा लागेल असं. आवारातलं झाड किंवा फांदी परवानगीशिवाय तोडायची नाही, सिल्व्हर ओक असला तरी. प्लायवूड, रंगवलेली जुनी दारं, प्लास्टिक, रॉकेल, यातलं काहीही आत जाता कामा नये. पेटवायच्या आधी पेपरची पेटती गुंडाळी घशाजवळ धरून नळी गरम करा, धूर वर ओढला जातोय हे दिसल्यावरच लाकडं पेटवा, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि किचनचा एक्झॉस्ट फॅन बंद, तो उलटा धूर खेचतो. पावसाळ्याआधी भिंतींना गवताच्या झड्या बांधत असाल तर त्या उतरेपर्यंत आग नाही, एक ठिणगी पुरते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, बॅटरीवाला, एक हॉलमध्ये नि एक त्या बेडरूममध्ये. धुराचा अलार्म वेगळा, तो याचं काम करत नाही. पेटवायचं काम केअरटेकरचं, पाहुण्याचं नाही, आणि आग पूर्ण विझल्याशिवाय केअरटेकर घरी जाणार नाही हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा, त्या वेळेचे पैसे वेगळे द्या. राख प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत नको, आत निखारे दोन-चार दिवस जिवंत राहतात, झाकणाची पत्र्याची बादली घेऊन ती घराबाहेर फरशीवर. स्ट्रॉबेरी लावली असेल तर ही राख तिला घालू नका, तिला किंचित आम्ल माती लागते नि राख उलटी.

राहिला मँटल. पांढरा पेंट जुना असेल तर त्यात शिसं असण्याची दाट शक्यता, घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) आत ठेवायचा नियमच आपल्याकडे २०१६ चा आहे. त्यामुळे सँडिंग मशीन नको, ब्लोअरने जाळून तर नकोच. रिमूव्हर लावून, ओलं ठेवून, पत्र्याने हळू खरवडायचं, चांगला मास्क घालून, मुलीला त्या दिवसात तिथे फिरकू द्यायचं नाही, आणि खाली प्लास्टिक अंथरून सगळा भुगा गोळा करून बाहेर. लाकूड तोंडाच्या कडेपासून ६ इंचांच्या आत कुठेच नसावं. ६ ते १२ इंचांमध्ये असेल तर दर इंच अंतराला इंचाचा आठवा भाग एवढंच ते पुढे आलेलं चालतं, म्हणजे ८ इंचांवर असेल तर फक्त एक इंच. वरून ४ इंची पट्टी बसवलीत की वरच्या फळीला तेवढं अंतर आपोआप जास्त मिळेल, बाजूंचं मोजून बघा.

साग उघडा पडल्यावर मेलामाइन किंवा पीयू पॉलिश मारू नका, बेलतेलाचे, म्हणजे जवसाच्या उकळलेल्या तेलाचे, दोन पातळ हात पुरे, मधे दोन दिवस वाळू द्यायचं. आणि तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेटतात. बाहेर दोरीवर एकेक पसरून पूर्ण कडक वाळू द्या, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांना हे त्याच दिवशी सांगा, संध्याकाळी ते निघायच्या आत.